ऱ्हासकाळातील राजा रामचंद्रदेव यादव : पराभव, मांडलिकत्व आणि मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना

मध्ययुगीन महाराष्ट्राच्या इतिहासात देवगिरीच्या यादव घराण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. मराठी ग्रंथरचनेचा पहिला बहर, हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी मंदिरे आणि मराठी शिलालेखांची मोठी संख्या या घराण्याच्या काळातील आहे. याच घराण्यातील राजा रामचंद्रदेव (कारकीर्द इ. स. १२७१ ते १३११) याच्या एकाच कारकिर्दीत सत्तेचा विस्तार आणि सत्तेचा ऱ्हास या दोन्ही गोष्टी घडून आल्या. लोकपरंपरेत 'रामदेवराव' या नावाने परिचित असलेल्या या राजाचे मूल्यमापन मात्र बहुधा एका वाक्यात उरकले जाते. राजा गाफील होता, म्हणून देवगिरी पडली, असे उत्तर विद्यार्थी लिहितात आणि त्यास गुणही मिळतात.

हे उत्तर पूर्णतः चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. देवगिरीवर पहिले आक्रमण इ. स. १२९६ मध्ये झाले. यादवांची सत्ता संपुष्टात आली ती इ. स. १३१८ मध्ये. या दोन घटनांमध्ये बावीस वर्षांचे अंतर आहे आणि त्यांपैकी सुमारे पंधरा वर्षे स्वतः रामचंद्रदेव सिंहासनावर होता. पराभवानंतरच्या या पंधरा वर्षांत राजाने काय केले, ते का केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, या प्रश्नांची उत्तरे 'गाफील' या एका शब्दात सामावत नाहीत. प्रस्तुत लेखात ताम्रपट, शिलालेख आणि फार्सी तवारिखा या साधनांच्या आधारे रामचंद्रदेवाच्या उत्तरकालीन धोरणाचा विचार केला आहे. यादवसत्तेचा कोकणातील, विशेषतः आजच्या ठाणे-रायगड परिसरातील विस्तार हा या विवेचनाचा आरंभबिंदू आहे.

कोकणातील पूर्वपीठिका : सोमेश्वर शिलाहाराचा अंत

कर्जत, कळंब, खालापूर हा आजच्या रायगड जिल्ह्याचा अंतर्भाग सह्याद्रीची भिंत आणि खाडीकाठची बंदरे यांच्या मध्ये वसलेला आहे. बोरघाटासारख्या वाटा याच पट्ट्यातून घाटमाथ्यावर चढतात. राजमाचीच्या पायथ्याची कोंडाणे लेणी या वाटांच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. बंदरावर उतरलेला माल देशावर नेण्यासाठी या भूप्रदेशाला पर्याय नव्हता. त्यामुळे देशावरील प्रत्येक बलाढ्य सत्तेस कोकणावर ताबा हवा असे.

यादवांपूर्वी हा प्रदेश उत्तर कोकणच्या शिलाहारांकडे होता. जवळचे अंबरनाथचे शिवालय त्यांच्याच काळातील आहे. या घराण्याचा अखेरचा राजा सोमेश्वर याचे उरण परिसरातील रानवड येथील शके ११८१ (इ. स. १२५९) आणि चांजे येथील शके ११८२ (इ. स. १२६०) हे लेख प्रसिद्ध आहेत. पुढे यादव राजा महादेव याने कोकणावर स्वारी केली. हेमाद्रीने आपल्या ग्रंथातील राजप्रशस्तीत या युद्धाचे वर्णन केले आहे. जमिनीवर पराभूत झालेला सोमेश्वर समुद्रात उतरला आणि महादेवाच्या कोपापेक्षा समुद्रातील अग्नी बरा असे मानून तेथेच बुडाला, असा त्या वर्णनाचा आशय आहे. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली आहेत. त्यांचा संबंध अनेक अभ्यासकांनी याच संघर्षाशी जोडला आहे.

येथे दोन बाबी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली बाब अशी की, सोमेश्वराच्या मृत्यूचे वर्णन विजेत्याच्या मंत्र्याने केलेले आहे. पराभूत राजाची बाजू मांडणारे साधन उरलेले नाही. दुसरी बाब अशी की, शिलाहारांना बुडविणाऱ्या यादवांवर अवघ्या साडेतीन दशकांच्या आत तीच पाळी आली. सोमेश्वराने शरण जाण्याऐवजी मृत्यू पत्करला. रामचंद्रदेवाने मृत्यूऐवजी मांडलिकत्व पत्करले. ऱ्हासकाळातील राजापुढे असणारे हे दोन पर्याय होत. त्यांपैकी पहिल्याची प्रशस्ती होते आणि दुसऱ्याची निंदा. ही वाटणी कितपत न्याय्य आहे, हे पुढील घटनाक्रमावरून तपासावयाचे आहे.

सत्ताग्रहण आणि विस्तार (इ. स. १२७१ ते १२९५)

रामचंद्रदेव हा यादव राजा कृष्ण याचा पुत्र. कृष्णानंतर त्याचा भाऊ महादेव गादीवर आला. महादेवानंतर गादी रामचंद्राकडे येणे अपेक्षित असता महादेवाचा पुत्र आमण राजा झाला. इ. स. १२७१ मध्ये रामचंद्राने आमणास पदच्युत करून सत्ता हस्तगत केली. महानुभाव परंपरेनुसार नर्तकांच्या वेशात माणसे किल्ल्यात शिरवून हा डाव साधण्यात आला. देवगिरीसारखा अभेद्य किल्ला बाहेरून नव्हे, तर आतून जिंकता येतो, हे या राजाने स्वतःच सिद्ध करून दाखविले होते.

पुढील पंचवीस वर्षांचा काळ विस्ताराचा होता. इ. स. १२७५-७६ मध्ये साळुव टिक्कम या सेनानीने होयसळांच्या द्वारसमुद्रापर्यंत धडक मारली. राजधानी हाती लागली नाही, परंतु मोठी लूट मिळाली. माळवा आणि गुजरातच्या वाघेल्यांशी संघर्ष झाले. पूर्वेस भंडारा व वैरागड या भागांपर्यंत सत्ता पोहोचल्याचा दावा ताम्रपटात आढळतो. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील 'चौऱ्यांशीचा लेख' (शके ११९५ ते ११९९) राजा आणि त्याचा मंत्री हेमाद्री यांचा या क्षेत्राशी असलेला संबंध दर्शवितो.

कोकणातील सत्ता या काळात स्थिरावली होती. ठाणे येथे सापडलेल्या शके ११९४ (इ. स. १२७२) च्या ताम्रपटात रामचंद्रदेवाचा अधिकारी अच्युतनायक याने साष्टी भागातील गावाचे दान दिल्याचा उल्लेख आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) च्या दुसऱ्या ठाणे ताम्रपटात कोकणाचा अधिकारी म्हणून कृष्णदेव याचे नाव येते. याच शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि तिच्या अखेरीस रामचंद्र राजाचा गौरवाने उल्लेख आला. समुद्रकाठी दानपत्र लिहिले जात होते आणि गोदावरीच्या खोऱ्यात मराठीतील श्रेष्ठ ग्रंथ आकारास येत होता. अवघ्या सहा वर्षांनी हे राज्य परकीय घोडदळापुढे उभे राहणार आहे, याची चाहूल या दोन्ही ठिकाणी लागत नाही.

ऱ्हासाची मुळे

चाहूल न लागणे हाच ऱ्हासाचा पहिला घटक होय. यादवांच्या पंचवीस वर्षांच्या युद्धांचा नकाशा काढला तर त्यांचे लक्ष दक्षिणेकडील होयसळ, पूर्वेकडील काकतीय आणि पश्चिमेकडील वाघेले या शेजाऱ्यांवर केंद्रित झालेले दिसते. हे शेजारीही परस्परांशी तसेच झगडत होते. विंध्यापलीकडील घडामोडींची दखल घेणारी यंत्रणा या राज्यांपैकी एकाकडेही असल्याचे दिसत नाही. इ. स. १२९३ च्या सुमारास अलाउद्दीन खिलजीने माळव्यातील भिलसा लुटले आणि तेथेच त्यास देवगिरीच्या संपत्तीची वार्ता मिळाली, असे बरनी सांगतो. म्हणजे देवगिरीची माहिती भिलशास होती. भिलशाच्या लुटीचा अर्थ मात्र देवगिरीस उमगला नाही.

दुसरा घटक घोडदळाचा होय. दख्खनच्या हवामानात उत्तम घोड्यांची पैदास कठीण असल्याने ते समुद्रमार्गे अरबस्तान व इराणकडून येत. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याचे वर्णन करताना, तेथील राजा चाच्यांशी संधान बांधून जहाजांवरील घोडे स्वतःकडे घेतो आणि उरलेला माल चाच्यांना देतो, असे नमूद केले आहे. या वृत्तांतातील 'राजा' म्हणजे नेमका कोण, याविषयी मतभेद आहेत. तथापि घोड्यासाठी बंदराची प्रतिष्ठा पणास लावावी लागत होती, ही बाब अर्थपूर्ण आहे.

तिसरा घटक राज्याच्या रचनेचा होय. महसुलाचा मोठा भाग सामंत, अधिकारी आणि अग्रहारधारक यांच्यात विभागलेला होता. सैन्य संकटाच्या वेळी गोळा करावे लागे आणि त्यास वेळ लागे. वेगाने येणाऱ्या स्वारीपुढे ही व्यवस्था लुळी पडणे स्वाभाविक होते.

मराठी विवेचनात या ऱ्हासाचे खापर हेमाद्रीच्या व्रतवैकल्यांवर किंवा भक्तिसंप्रदायांवर फोडण्याची एक परंपरा आहे. हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्रीय विधींचा प्रचंड संग्रह आहे, यात शंका नाही. परंतु असा ग्रंथ नसलेली वरंगळ आणि द्वारसमुद्र ही राज्येही याच काळात आणि याच पद्धतीने कोसळली. चार राज्यांच्या पतनाचे कारण एका राज्यातील ग्रंथात शोधणे तर्कास धरून नाही.

इ. स. १२९६ : आक्रमण आणि तह

अलाउद्दीन हा कडा प्रांताचा सुभेदार आणि सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या व जावई होता. सुलतानाची परवानगी न घेता तो काही हजार स्वारांनिशी अचलपूरमार्गे देवगिरीवर आला. त्याच्या सैन्याची संख्या तवारिखांत तीन-चार हजारांपासून आठ हजारांपर्यंत वेगवेगळी दिली आहे. वाटेतील घाटात कान्हा नावाच्या यादव अधिकाऱ्याने दोन शूर स्त्रियांच्या साथीने त्यास अडविल्याचे इसामी लिहितो. रामचंद्रदेवाचे मुख्य सैन्य या वेळी युवराजाबरोबर राजधानीपासून दूर होते. युवराजाचे नाव फार्सी साधनांत निरनिराळे येते. मराठीत 'शंकरदेव' हे नाव रूढ आहे.

राजाने किल्ल्याचा आश्रय घेतला. मागून वीस हजारांची शाही फौज येत आहे, अशी हूल अलाउद्दीनने उठविली. तह ठरला. तेवढ्यात युवराज परत आला आणि पित्याचा निरोप डावलून त्याने युद्ध केले. प्रारंभी त्याची सरशी होत होती. परंतु वेढ्यावर ठेवलेली नुसरतखानाची तुकडी धावून येताच तीच शाही फौज समजून यादवसेनेत पळापळ झाली. किल्ल्यात धान्य म्हणून नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले, ही प्रसिद्ध कथा फिरिश्त्याने सांगितली आहे. फिरिश्ता घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहीत होता, हे ध्यानात ठेवून ती स्वीकारावी लागते. दुसऱ्या तहात प्रचंड खंडणी आणि अचलपूर प्रांताच्या उत्पन्नाची मागणी मान्य करावी लागली.

या खंडणीचा परिणाम देवगिरीपुरता मर्यादित राहिला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये अलाउद्दीनने चुलत्याचा वध घडवून आणला आणि देवगिरीचे सोने वाटीत दिल्लीचे सिंहासन गाठले. यादवांच्या खजिन्याने दिल्लीत त्यांचाच भावी स्वामी उभा केला.

मांडलिकत्वाची पंधरा वर्षे

इ. स. १२९६ नंतर काही वर्षे खंडणी जात राहिली. पुढे ती थांबली. गुजरातचा परागंदा राजा कर्ण वाघेला यास यादवांच्या हद्दीत बागलाणात आश्रय मिळाला. पूर्वी ज्या घराण्याशी युद्धे झाली, त्याच घराण्याच्या राजास आश्रय देण्यात दिल्लीविरुद्ध एकत्र येण्याची अस्पष्ट जाणीव दिसते; परंतु ती फार उशिरा झाली. इ. स. १३०७-०८ मध्ये मलिक काफूर देवगिरीवर चालून आला. रामचंद्रदेव पराभूत झाला आणि त्यास दिल्लीस नेण्यात आले.

या प्रसंगी इसामीने दिलेली माहिती महत्त्वाची आहे. बंडखोरी मुलाची असून आपण तिच्या विरुद्ध आहोत, असे रामचंद्रदेवाने सुलतानास गुप्तपणे कळविले होते, असे तो म्हणतो. हे खरे असेल तर देवगिरीच्या राजवाड्यातच दोन धोरणे नांदत होती. इ. स. १२९६ मध्ये पित्याचा निरोप डावलून लढलेला युवराज आणि तहास चिकटून राहू पाहणारा पिता हा पेच बारा वर्षांनंतरही सुटलेला नव्हता.

दिल्लीत सुलतानाने रामचंद्रदेवास सन्मानाने वागविले. त्यास 'रायरायान' ही पदवी, छत्र, एक लाख टंके आणि नवसारीचा प्रदेश मिळाला. राजा आपल्या राज्यावर परत आला. इसामीच्या मते रामचंद्रदेवाची कन्या सुलतानास दिलेली होती आणि इ. स. १३१६ मध्ये मलिक काफूरने काही आठवडे दिल्लीच्या गादीवर बसविलेला बालक शिहाबुद्दीन हा तिचा पुत्र होता. म्हणजेच देवगिरी जिंकणाऱ्यांच्या सिंहासनावर काही दिवस देवगिरीच्या राजाचा नातू बसला होता.

या सन्मानाची परतफेड झाली ती दक्षिणेच्या मोहिमांत. इ. स. १३०९ मध्ये मलिक काफूर वरंगळवर निघाला तेव्हा रामचंद्रदेवाने रसद, सैन्य आणि बाजारपेठेची सोय पुरविली. पुढील द्वारसमुद्राच्या मोहिमेत यादवांच्या सरहद्दीवरील परशुराम दळवी याने मार्ग दाखविल्याचे फार्सी साधने सांगतात. ही मोहीम निघाली तेव्हा रामचंद्रदेव हयात होता की नाही, याविषयी खुस्रो आणि बरनी यांच्या वृत्तांतांत तफावत आहे. परंतु देवगिरी हा दिल्लीच्या दक्षिण मोहिमांचा तळ बनला, ही गोष्ट निर्विवाद आहे.

या धोरणाचा लाभ कोणता आणि हानी कोणती, याचा स्वतंत्रपणे हिशेब मांडावा लागतो. इ. स. १३०८ नंतर देवगिरीच्या प्रदेशात युद्ध झाले नाही. मोहिमेवर निघालेल्या फौजेने यादवांच्या मुलखातील रयतेस उपद्रव देऊ नये, याची काळजी घेतली गेल्याचे दिसते. दानपत्रे लिहिली जात राहिली आणि जुनी कारभारव्यवस्था टिकली. हा लाभ रयतेच्या दृष्टीने लहान नव्हता. हानी मात्र शेजाऱ्यांच्या वाट्यास आली. पंचवीस वर्षे ज्यांच्याशी लढण्यात शक्ती खर्च केली, त्या काकतीय आणि होयसळ राज्यांच्या उंबरठ्यापर्यंत आक्रमकांस नेण्याचे काम यादवांनी केले. दक्षिणेकडील सत्ता दुबळ्या झाल्यावर देवगिरीस सौदा करण्यासारखे काही उरले नाही. आपल्या राज्याचे आयुष्य लांबविताना राजाने ते ज्याच्या बळावर लांबत होते, तो आधारच नाहीसा केला.

पुरुषोत्तमपुरी ताम्रपटाची साक्ष

या संदर्भात बीड जिल्ह्यातील पुरुषोत्तमपुरी येथे सापडलेल्या ताम्रपटाचे महत्त्व विशेष आहे. वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला हा ताम्रपट शके १२३२ (इ. स. १३१०) मधील आहे. मंत्री पुरुषोत्तम यास दिलेल्या गावांची आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या अग्रहाराची नोंद त्यात आहे. त्यातील प्रशस्तीत रामचंद्रदेवाने अनेक राजांना जिंकल्याचे आणि वाराणसी म्लेच्छांच्या ताब्यातून सोडवून तेथे शार्ङ्गधराचे मंदिर उभारल्याचे वर्णन आहे. वाराणसीच्या दाव्यामागे इ. स. १२९६ पूर्वीची एखादी मोहीम असावी, असे मत मांडले गेले आहे.

दावा खरा की अतिशयोक्त, यापेक्षा त्याची तारीख अधिक बोलकी आहे. इ. स. १३१० मध्ये हा राजा दिल्लीचा मांडलिक होता, 'रायरायान' पदवी धारण करीत होता आणि त्याच सुमारास दिल्लीच्या फौजेला दक्षिणेत साह्य करीत होता. त्याच राजाच्या कचेरीतून निघालेल्या संस्कृत दानपत्रात दिल्लीचा उल्लेखही नाही. उलट वाराणसीच्या मुक्ततेचा अभिमान आहे. यास केवळ ढोंग म्हणणे सोपे आहे. परंतु ताम्रपटाचा वाचक कोण होता, हे पाहिले पाहिजे. ते दानपत्र दिल्लीसाठी लिहिलेले नव्हते. गावे मिळविणाऱ्या, जमीन कसणाऱ्या आणि 'आपला राजा अजून राजा आहे' यावर विश्वास ठेवू इच्छिणाऱ्या समाजासाठी ते होते. राज्याची सार्वभौमता गेली होती. तिची भाषा राखली जात होती. ऱ्हासकाळातील सत्तेचे याहून स्पष्ट चित्र दुसऱ्या साधनात क्वचितच मिळेल.

अखेर : शंकरदेव आणि हरपालदेव

रामचंद्रदेवाचा मृत्यू इ. स. १३११ च्या सुमारास झाला. गादीवर आलेल्या शंकरदेवाने दिल्लीचे स्वामित्व झुगारले. इ. स. १३१३ मध्ये मलिक काफूरने पुन्हा स्वारी केली, तीत शंकरदेव मारला गेला. इ. स. १३१६ मध्ये अलाउद्दीनच्या मृत्यूनंतर दिल्लीत गोंधळ माजताच रामचंद्रदेवाचा जावई हरपालदेव याने उठाव केला. सुलतान मुबारक खिलजीने इ. स. १३१८ मध्ये तो मोडून काढला आणि हरपालदेवास अंगाची कातडी सोलून ठार मारले. यादवांचे राज्य येथे संपले.

कोकणावर याचे परिणाम लवकरच दिसले. इ. स. १३२१ मध्ये ठाणे येथे फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांचा वध झाला, तेव्हा ते बंदर मुस्लिम अधिकाऱ्याच्या अंमलाखाली होते, असे पाश्चात्त्य प्रवाशांच्या वृत्तांतांवरून कळते. वि. का. राजवाडे यांनी इ. स. १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'महिकावतीच्या बखरी'त बिंब घराण्याच्या कोकणातील आगमनाचा संबंध रामदेवरावाशी जोडणारी परंपरा आढळते. तिच्या ऐतिहासिकतेविषयी मतभेद आहेत. तथापि राज्य बुडाल्यानंतरही उत्तर कोकणातील कुळांना आपली वंशावळ देवगिरीपर्यंत नेण्यात प्रतिष्ठा वाटत होती, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

तौलनिक दृष्टिक्षेप : बल्गेरियाचा इव्हान शिशमान

रामचंद्रदेवाची स्थिती जगाच्या इतिहासात एकाकी नाही. चौदाव्या शतकात बाल्कन प्रदेशातील बल्गेरियाचे राज्य इ. स. १३७१ मध्ये राजा इव्हान अलेक्झांडर याच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्रांत विभागले गेले. तर्नोवो येथे इव्हान शिशमान आणि विदिन येथे त्याचा सावत्र भाऊ इव्हान स्रात्सिमिर राज्य करू लागला. शिशमानाने ऑटोमन सुलतान मुराद याचे मांडलिकत्व पत्करले आणि आपली बहीण केरा तमारा त्यास दिली. संधी मिळताच त्याने ते झुगारण्याचाही प्रयत्न केला. इ. स. १३९३ मध्ये तर्नोवो पडले, इ. स. १३९५ मध्ये शिशमान मारला गेला आणि पुढील वर्षी विदिनही गेले.

विभागलेले शेजारी, विवाहसंबंध, खंडणी, अर्धवट बंड आणि अखेर विलीनीकरण हा क्रम दोन्हीकडे सारखा आहे. याच ऱ्हासकाळात तर्नोवोच्या धर्मगुरू एव्हतिमीने भाषा आणि ग्रंथलेखन यांना नवी शिस्त लावली, हे साम्यही लक्षणीय आहे. फरक आहे तो स्मृतीचा. बल्गेरियाच्या लोकगीतांनी शिशमानास झुंजणारा वीर म्हणून जपले. मराठी परंपरेने रामदेवरावाचे नाव ज्ञानेश्वरीचा समकालीन राजा म्हणून सांभाळले आणि त्याच्या पराभवाची कथा मिठाच्या गोण्यांवर सोपविली. दोन्ही समाजांनी मांडलिकत्वाची वर्षे मात्र विस्मरणात टाकली. इतिहासकाराचे काम नेमके तेथूनच सुरू होते.

निष्कर्ष

१. देवगिरीचा ऱ्हास हा इ. स. १२९६ मधील एका पराभवाचा परिणाम नसून परस्परांत झुंजणाऱ्या दख्खनी राज्यांच्या व्यवस्थेचा परिणाम होता. राजाची गाफिली ही त्या व्यवस्थेचीच गाफिली होती.

२. पराभवानंतर रामचंद्रदेवाने स्वीकारलेले मांडलिकत्व हे केवळ भ्याडपणाचे लक्षण मानता येत नाही. त्यामुळे राज्याचे आयुष्य वाढले आणि काही काळ रयतेस शांतता लाभली.

३. तथापि या धोरणाची किंमत वरंगळ व द्वारसमुद्र यांनी आणि पुढे त्याच्याच पुत्राने व जावयाने मोजली. राजाने वेळ मिळविला. त्या वेळेचा उपयोग करून दख्खनी राज्यांना एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला नाही. त्याच्यावर ठेवावयाचा खरा दोष हा आहे आणि तो इ. स. १२९६ चा नसून इ. स. १३०८ नंतरचा आहे.

४. पुरुषोत्तमपुरी ताम्रपट आणि फार्सी तवारिखा यांचे वाचन एकत्रितपणे केल्याखेरीज या काळाचे चित्र पूर्ण होत नाही. एकात दिल्ली नाही आणि दुसऱ्यात राजाचा अभिमान नाही.

समुद्रात बुडालेल्या सोमेश्वराची प्रशस्ती त्याच्या शत्रूच्या मंत्र्याने लिहिली. रामचंद्रदेवाच्या शरणागतीचा वृत्तांतही त्याच्या विजेत्यांच्या दरबारी इतिहासकारांनीच लिहिला. पराभूतांचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या शाईने लिहिला जातो. म्हणून वर्गात हा कालखंड शिकविताना 'देवगिरी का पडली?' या प्रश्नाबरोबरच 'पडल्यानंतरची बावीस वर्षे ती कशी उभी राहिली आणि कोणाच्या जिवावर?' हा प्रश्नही विचारला जाणे आवश्यक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते. दुसऱ्यासाठी विद्यार्थ्यास ताम्रपट उघडावा लागतो.